अर्थ एंजल

अर्थ एंजल हे १९५४ साली अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित झालेले ऱ्हिदम अँड ब्लूज शैलीतील एक संथ प्रेमगीत आहे. 'अर्थ एंजल, विल यू बी माइन' हे त्याचे पूर्ण शीर्षक. शीर्षकातील 'अर्थ' म्हणजे इंग्लिशमधील पृथ्वी. प्रेयसीला पृथ्वीवर अवतरलेली देवदूत मानून केलेली आर्जवे हा गीताचा विषय आहे. द पेंग्विन्स या कृष्णवर्णीय तरुणांच्या गायकवृंदाने ते डूटोन या छोट्या कंपनीसाठी गायले. १९५५च्या आरंभी हे गीत बिलबोर्ड नियतकालिकाच्या ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि मुख्यतः गौरवर्णीय श्रोत्यांच्या समजल्या जाणाऱ्या पॉप यादीतही आठव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच सुमारास द क्रू-कट्स या गौरवर्णीय कॅनेडियन गायकवृंदाने मर्क्युरी या मोठ्या कंपनीसाठी तेच गीत गायले. ही दुसरी आवृत्ती पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

एकाच गीताच्या या दोन आवृत्त्यांचा इतिहास १९५०च्या दशकातील अमेरिकन संगीतव्यवसाय, त्यातील वर्णभेद आणि तत्कालीन स्वामित्वहक्क कायद्याच्या मर्यादा समजून घेण्यासाठी वारंवार अभ्यासला जातो. गीताच्या कर्तृत्वावरूनही न्यायालयीन वाद झाला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २००४ सालच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत पेंग्विन्सच्या मूळ ध्वनिमुद्रणाचा समावेश केला आहे.

## पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस परिसरातील जहाजबांधणी व विमाननिर्मितीच्या कारखान्यांत काम मिळवण्यासाठी दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने शहरात आली. घरांच्या खरेदी-विक्रीवरील वर्णाधारित निर्बंधांमुळे त्यांना शहराच्या मोजक्याच भागांत राहता येत असे. सेंट्रल अव्हेन्यू या रस्त्याच्या आसपासची वस्ती हे त्यांच्या संगीतजीवनाचे केंद्र बनले. युद्धानंतर येथे स्पेशॅल्टी, मॉडर्न, अलॅडिन अशा अनेक छोट्या, स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्या उभ्या राहिल्या. मोठ्या कंपन्यांनी दुर्लक्षिलेले गायक आणि श्रोते हेच या कंपन्यांचे भांडवल होते.

कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठीच्या ध्वनिमुद्रिकांना व्यवसायात पूर्वी 'रेस रेकॉर्ड्स' असे संबोधले जाई. जून १९४९ मध्ये बिलबोर्डने आपल्या यादीसाठी या नावाऐवजी 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारले. नाव बदलले तरी विभागणी कायम राहिली. पॉप, कंट्री आणि ऱ्हिदम अँड ब्लूज अशा वेगवेगळ्या याद्या होत्या. त्यांची दुकाने, रेडिओ केंद्रे व नाण्यांवर चालणारे ज्यूकबॉक्सही बव्हंशी वेगळे होते. एका यादीतील गीत दुसऱ्या यादीत जाणे याला 'क्रॉसओव्हर' म्हणत. मूळ गायकाच्याच आवाजात असे घडणे त्या काळी विरळा होते.

डूटोनचे संस्थापक डूट्सी विल्यम्स (१९११–१९९१) हे पूर्वाश्रमीचे ट्रम्पेटवादक होते. कृष्णवर्णीय मालकीच्या मोजक्या कंपन्यांत डूटोनची गणना होत असे. कंपनी लहान असल्याने ध्वनिमुद्रण, प्रसिद्धी व वितरण यांतील बरीचशी कामे विल्यम्स स्वतःच पाहत.

## गायकवृंद

पेंग्विन्समध्ये चार गायक होते. क्लीव्हलँड डंकन हा मुख्य गायक होता. कर्टिस विल्यम्स खर्जाचा आवाज सांभाळत असे, तर डेक्स्टर टिस्बी आणि ब्रूस टेट अनुक्रमे टेनर व बॅरिटोन स्वरांत साथ देत. डूटोनचे मालक डूट्सी विल्यम्स आणि गायक कर्टिस विल्यम्स या दोन भिन्न व्यक्ती आहेत. लॉस एंजेलिसच्या फ्रीमॉन्ट हायस्कूलभोवतीच्या परिचयातून हा वृंद तयार झाला.

त्या काळी रेव्हन्स, ओरिओल्स, फ्लेमिंगोज अशी पक्ष्यांची नावे धारण करणारे अनेक गायकवृंद होते. पेंग्विन्सनी आपले नाव कूल या सिगारेटच्या जाहिरातीतील पेंग्विनवरून घेतले.

रस्त्याच्या कोपऱ्यावर, शाळेच्या आवारात किंवा चर्चमध्ये वाद्यांशिवाय एकत्र गाणाऱ्या तरुणांच्या या गायनप्रकाराला पुढे 'डू-वॉप' हे नाव मिळाले. साथीचे गायक शब्दांऐवजी निरर्थक अक्षरे म्हणत, त्यावरून हे नाव पडले. १९५४ साली मात्र हे नाव रूढ नव्हते आणि अशा गीतांना ऱ्हिदम अँड ब्लूज बॅलड म्हणूनच ओळखले जाई. इंग्लिशमधील 'बॅलड' या शब्दाचा मूळ अर्थ कथागीत असा असला, तरी लोकप्रिय संगीतात तो संथ लयीतील भावगीतासाठी वापरला जातो.

## रचना

### पूर्वसूरी

अर्थ एंजल कोणा एकाने एका बैठकीत रचलेले गीत नाही. कर्टिस विल्यम्स हा पेंग्विन्समध्ये येण्यापूर्वी हॉलीवूड फ्लेम्स या वृंदात गात असे. गेनेल हॉज हा तेथील त्याचा सहकारी होता. हॉज आणि विल्यम्स या दोघांवरही जेसी बेल्विन या समवयस्क पण आधीच नावारूपाला आलेल्या गायक-रचनाकाराचा प्रभाव होता. बेल्विन लॉस एंजेलिसच्या तरुण गायकांत अत्यंत मानला जात असे. आपल्या चाली तो इतरांना सहजपणे देत असे आणि त्यांच्या नोंदींविषयी फारसा आग्रही नसे, अशी त्याची ख्याती होती.

अभ्यासकांनी या गीताची नाती अनेक पूर्वीच्या गीतांशी दाखवली आहेत. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे:

* ड्रीम गर्ल: जेसी बेल्विन व मार्व्हिन फिलिप्स यांनी 'जेसी अँड मार्व्हिन' या नावाने गायलेले गीत. १९५३ साली ते ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते. विषय आणि भाव या दोन्ही बाबतींत ते अर्थ एंजलच्या जवळचे आहे.
* आय नो: हॉलीवूड फ्लेम्सचे गीत. अर्थ एंजलच्या आरंभीच्या पियानोवादनाशी यातील वादनाचे साम्य आहे.
* आय वेंट टू युवर वेडिंग: जेसी मे रॉबिन्सन या कृष्णवर्णीय गीतकार स्त्रीची रचना. १९५२ साली पॅटी पेज या गौरवर्णीय गायिकेच्या आवाजात ती मर्क्युरीने लोकप्रिय केली. अर्थ एंजलचा मधला भाग या गीताशी जुळतो.
* ब्लू मून: रिचर्ड रॉजर्स व लॉरेन्झ हार्ट यांचे १९३०च्या दशकातील गीत. त्यातील स्वरसंघांचा क्रम डू-वॉप शैलीतील असंख्य गीतांचा पाया ठरला आणि अर्थ एंजलही त्याला अपवाद नाही.

एका वृंदाची चाल दुसऱ्याने उचलावी, तिसऱ्याने तीत आपले शब्द घालावेत, हे त्या परिसरात नित्याचेच होते. गाणे जोवर गल्लीत गायले जात होते तोवर त्यात कोणाची तक्रार नव्हती. त्याची तबकडी निघून पैसा येऊ लागल्यावर मात्र 'गीत नेमके कोणाचे' हा प्रश्न उभा राहिला.

### सांगीतिक स्वरूप

गीताची लय संथ आहे. चार मात्रांच्या प्रत्येक आवर्तनात मात्रेचे तीन समान भाग पडतात आणि पियानो हे तिन्ही भाग सतत वाजवत राहतो. त्यामुळे गाणे सावकाश चालत असूनही त्यात झुलल्याचा भास होतो. स्वरसंघांचा क्रम चार पायऱ्यांचा आहे: सप्तकाच्या पहिल्या स्वरावरील मेजर, सहाव्या स्वरावरील मायनर, चौथ्या स्वरावरील मेजर आणि पाचव्या स्वरावरील मेजर स्वरसंघ. पाचव्याकडून पुन्हा पहिल्याकडे येण्याची ओढ निर्माण होते आणि चक्र फिरत राहते.

मराठी भावगीतातील धृपद-अंतऱ्याच्या मांडणीपेक्षा याची बांधणी निराळी आहे. मुख्य चालीची कडवी एकामागून एक येतात आणि मध्ये 'ब्रिज' म्हणून ओळखला जाणारा, वेगळ्या चालीचा भाग येऊन पुन्हा मुख्य चाल सुरू होते. मुख्य गायक शब्द गातो, तर उरलेले तिघे त्याच्या मागे दीर्घ स्वर धरून किंवा अर्थहीन अक्षरे म्हणून सुरावट भरून काढतात.

## ध्वनिमुद्रण

पेंग्विन्सचे ध्वनिमुद्रण १९५४च्या उत्तरार्धात लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातील एका घराच्या गॅरेजमध्ये झाले. हे घर टेड ब्रिन्सन या बासवादकाचे होते. जिमी लन्सफर्डसारख्या नामवंतांच्या वाद्यवृंदांत काम केलेल्या ब्रिन्सनने आपल्या गॅरेजमध्ये साधी ध्वनिमुद्रणयंत्रणा बसवली होती. पियानो, बास व ड्रम एवढीच वाद्ये वापरली गेली. ड्रमचा आवाज गायकांच्या आवाजावर चढू नये म्हणून तो उशांनी दाबावा लागला. शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यामुळे ध्वनिमुद्रण मध्येच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत असे, अशी आठवणही सांगितली जाते.

हे मुद्रण मुळात कच्चा नमुना म्हणून केलेले होते. त्यावर आणखी वाद्ये चढवण्याचा विचार होता, परंतु गीत त्याआधीच लोकप्रिय झाल्याने तो मागे पडला. त्यामुळे नंतर जगभर ऐकले गेलेले ध्वनिमुद्रण ही प्रत्यक्षात एक तात्पुरती प्रत आहे. आवाजातील किंचित कंप, वाद्यांचा दबलेला नाद आणि खोलीतील मोकळी जागा त्यात स्पष्ट जाणवते. पुढील काळात याच गुणांची 'निरागस' म्हणून प्रशंसा झाली.

## प्रकाशन आणि यश

डूटोनने १९५४च्या शरद ऋतूत ही तबकडी प्रसिद्ध केली. तबकडीची मुख्य बाजू म्हणून 'हे सेन्योरिटा' या जलद लयीच्या गीताची निवड झाली होती आणि अर्थ एंजल दुसऱ्या बाजूला होते.

डूट्सी विल्यम्स यांनी कच्ची प्रत डॉल्फिन्स ऑफ हॉलीवूड या दुकानात नेली. जॉन डॉल्फिन या कृष्णवर्णीय व्यावसायिकाचे हे दुकान नावात हॉलीवूड असूनही सेंट्रल अव्हेन्यूच्या परिसरात होते. कृष्णवर्णीयांना हॉलीवूडमध्ये दुकान मिळत नसेल तर हॉलीवूडच आपल्या वस्तीत आणावे, या भूमिकेतून हे नाव ठेवले होते. दुकानाच्या दर्शनी खिडकीत बसून रेडिओ निवेदक थेट प्रसारण करीत आणि श्रोते तेथूनच तबकड्या विकत घेत. डिक हग या निवेदकाने दोन्ही बाजू वाजवल्या. श्रोत्यांच्या मागण्या मात्र दुसऱ्या बाजूसाठी येऊ लागल्या. अन्य निवेदकांनीही तबकडी उलटून अर्थ एंजल वाजवण्यास सुरुवात केली.

मागणी इतक्या वेगाने वाढली की छोट्या डूटोनला पुरवठा करणे अवघड झाले. तबकडीवरील लेबलांचा कागद संपल्यामुळे मिळेल त्या रंगाचा कागद वापरून लेबले छापावी लागली. या पहिल्या मुद्रणाच्या प्रती म्हणूनच निरनिराळ्या रंगांच्या लेबलांसह आढळतात. १९५५च्या आरंभी गीत ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पॉप यादीत ते आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. गॅरेजमध्ये मुद्रित झालेल्या आणि स्वतंत्र कंपनीने वितरित केलेल्या तबकडीसाठी हे यश असाधारण होते.

## क्रू-कट्सची आवृत्ती

### कव्हर म्हणजे काय

एका गायकाने प्रसिद्ध केलेले गीत दुसऱ्याने पुन्हा गाऊन प्रसिद्ध करणे याला संगीतव्यवसायात 'कव्हर' म्हणतात. ही प्रथा मुळात वर्णभेदातून आलेली नाही. ध्वनिमुद्रणाच्या आधी गीत हे छापील स्वरलिपीच्या रूपात विकले जाई आणि ते कोणीही गाणे अपेक्षितच होते. १९५०च्या दशकापर्यंत एका गीताच्या अनेक आवृत्त्या एकाच वेळी बाजारात असत. बिलबोर्डची एक यादी तर ध्वनिमुद्रणांऐवजी गीतांचाच, म्हणजे सर्व आवृत्त्यांचा एकत्रित, क्रम लावत असे. कृष्णवर्णीय गायकही गौरवर्णीयांची गीते गात. ओरिओल्सने १९५३ साली लोकप्रिय केलेले 'क्रायिंग इन द चॅपल' हे मुळात कंट्री शैलीचे गीत होते.

१९५४–५५ मध्ये या प्रथेला वेगळे वळण लागले. छोट्या कंपनीची कृष्णवर्णीय गायकाची तबकडी चालू लागली की काही आठवड्यांतच मोठी कंपनी तेच गीत, बहुधा त्याच मांडणीसह, गौरवर्णीय गायकाकडून गाऊन घेई. मोठ्या कंपनीचे वितरण देशभर असे आणि मूळ तबकडी न वाजवणारी रेडिओ केंद्रे कव्हर वाजवीत. त्यामुळे मूळ तबकडी पॉप श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याआधीच तिची जागा भरली जाई.

### ध्वनिमुद्रण व प्रतिसाद

क्रू-कट्स हा टोरँटोच्या सेंट मायकल्स क्वायर स्कूल या शाळेत शिकलेल्या तरुणांचा वृंद होता. रूडी मॉजेरी, पॅट बॅरेट आणि जॉन व रे पर्किन्स हे बंधू त्याचे सदस्य होते. १९५४ साली त्यांनी 'श-बूम' हे द कॉर्ड्स या कृष्णवर्णीय वृंदाचे गीत गाऊन पॉप यादीत पहिला क्रमांक मिळवला होता. अर्थ एंजल हा त्याच यशाची पुनरावृत्ती करण्याचा प्रयत्न होता. त्यांच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवरील 'को को मो' हेही जीन अँड युनीस या कृष्णवर्णीय जोडीच्या गीताचे कव्हरच होते.

क्रू-कट्सच्या आवृत्तीत पूर्ण वाद्यवृंदाची साथ आहे. उच्चार स्पष्ट, सूर अचूक आणि चारही आवाज समतोल आहेत. पेंग्विन्सच्या गाण्यात मुख्य गायक एकटा पुढे येऊन विनवणी करतो आणि बाकीचे त्याच्या मागे उभे असतात. क्रू-कट्सच्या गाण्यात समूहगायनाची सफाई अधिक ठळक आहे.

ही आवृत्ती अमेरिकेच्या पॉप यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत आणि ब्रिटनच्या यादीत १९५५ साली चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. त्याच काळात ग्लोरिया मान या गायिकेची आणखी एक आवृत्तीही अमेरिकेत लोकप्रिय झाली. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या श्रोत्यांनी मात्र मूळ आवृत्तीलाच पसंती दिली.

| आवृत्ती | कंपनी | अमेरिकन पॉप यादीतील सर्वोच्च क्रमांक | ऱ्हिदम अँड ब्लूज यादीतील सर्वोच्च क्रमांक |
|---|---|---|---|
| द पेंग्विन्स | डूटोन | ८ | १ |
| द क्रू-कट्स | मर्क्युरी | ३ | — |

## कायदेशीर व आर्थिक बाजू

कव्हरमधून मूळ गायकांना काहीच का मिळाले नाही, याचे उत्तर तत्कालीन अमेरिकन कायद्यात आहे. १९०९च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार एखाद्या गीताचे ध्वनिमुद्रण एकदा अधिकृतपणे प्रसिद्ध झाले की इतर कोणालाही ठरावीक शुल्क भरून ते पुन्हा ध्वनिमुद्रित करता येत असे. त्यासाठी रचनाकाराची वेगळी परवानगी लागत नसे. हे शुल्क प्रत्येक प्रतीमागे प्रत्येक गीतासाठी २ सेंट इतके होते. १९०९ साली ठरलेला हा दर १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बदलला नाही.

हे शुल्क गीताच्या प्रकाशकाला व त्याच्यामार्फत रचनाकाराला मिळत असे, गायकाला नव्हे. त्यामुळे क्रू-कट्सच्या तबकड्या विकल्या गेल्या तेव्हा गीताच्या प्रकाशनहक्काचे मूल्य वाढले, पण मूळ गायक म्हणून डंकन, टिस्बी किंवा टेट यांचा त्या उत्पन्नाशी संबंध नव्हता.

गायनशैली, वाद्यमेळ किंवा ध्वनिमुद्रणाचा विशिष्ट नाद यांनाही संरक्षण नव्हते. १९५० साली सुप्रीम या कृष्णवर्णीय मालकीच्या कंपनीने डेक्का कंपनीवर केलेल्या दाव्याचा निकाल लागला. 'अ लिटल बर्ड टोल्ड मी' या गीतातील आपली मांडणी डेक्काने जशीच्या तशी उचलली, असे सुप्रीमचे म्हणणे होते. अशी मांडणी ही स्वतंत्र मालमत्ता ठरत नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला. ध्वनिमुद्रणांना अमेरिकेच्या संघीय कायद्याचे स्वामित्वहक्क संरक्षण मिळाले ते फेब्रुवारी १९७२ पासून, आणि तेही केवळ त्यानंतरच्या नव्या ध्वनिमुद्रणांना. त्यानंतरही दुसऱ्याने स्वतः गाऊन केलेले अनुकरण या संरक्षणाच्या बाहेरच राहिले.

या परिस्थितीविरुद्ध आवाज उठवणाऱ्यांत लाव्हर्न बेकर ही गायिका प्रमुख होती. तिच्या 'ट्वीडली डी' या गीताचे कव्हर जॉर्जिया गिब्सने मर्क्युरीसाठी केले आणि ते पॉप यादीत मूळ गीताच्या वर गेले. १९५५ साली बेकरने मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांना पत्र लिहून मांडणीची नक्कल रोखणारी कायदेशीर तरतूद करण्याची मागणी केली. तशी तरतूद झाली नाही.

## मर्क्युरीशी करार

गीत यादीत वर चढत असताना पेंग्विन्स आणि डूटोन यांच्यात पैशांवरून दुरावा निर्माण झाला. गायकांनी मानधनाची आगाऊ रक्कम मागितली. ती मिळाली नाही. त्यांनी बक रॅम या व्यवस्थापकाचा आश्रय घेतला आणि १९५५ साली ते मर्क्युरीत दाखल झाले. ज्या कंपनीने त्यांच्या गीताचे कव्हर काढले, तिच्याकडेच ते गेले.

बक रॅम यांच्याकडे त्या वेळी द प्लॅटर्स हा आणखी एक वृंद होता. मर्क्युरीला पेंग्विन्स हवे होते, पण प्लॅटर्सनाही घ्यावे, अशी अट रॅम यांनी घातली. कंपनीने ती मान्य केली. पुढे घडले ते उलटेच. प्लॅटर्सचे 'ओन्ली यू' त्याच वर्षी अत्यंत लोकप्रिय झाले आणि तो वृंद दशकातील सर्वाधिक यशस्वी गायकवृंदांपैकी एक ठरला. गेनेल हॉज हा प्लॅटर्सच्या आरंभीच्या सदस्यांपैकी एक होता, हाही एक योगायोग. पेंग्विन्सना मात्र अर्थ एंजलसारखे यश पुन्हा कधीच लाभले नाही.

## कर्तृत्वाचा वाद

गीताचे मूल्य वाढल्यावर त्याच्या हक्कांवर अनेकांनी दावा सांगितला. कर्टिस विल्यम्स हा गीताचा रचनाकार म्हणून पुढे आला होता. रचनेत जेसी बेल्विन व गेनेल हॉज यांचाही वाटा आहे, हा मुद्दा डूट्सी विल्यम्स यांच्या बाजूने न्यायालयात मांडला गेला. १९५७ साली लॉस एंजेलिसमधील न्यायालयाने हा वाटा मान्य केला. त्यामुळे कर्टिस विल्यम्स, जेसी बेल्विन व गेनेल हॉज या तिघांची नावे रचनाकार म्हणून गीताशी जोडली गेली.

या निकालाचे महत्त्व दुहेरी आहे. समूहात घडलेल्या रचनेत एकापेक्षा अधिक व्यक्तींचे श्रेय मान्य झाले. परंतु कायद्याला मोजक्या व्यक्तींची नावेच हवी असल्याने, ज्या अनेक गीतांतून व वृंदांतून ही चाल घडत गेली त्यांची नोंद कोठेही झाली नाही. गीत प्रत्यक्ष गाणाऱ्या क्लीव्हलँड डंकनचे नावही रचनाकारांत नाही.

जेसी बेल्विनचा ६ फेब्रुवारी १९६० रोजी आर्कान्सा राज्यातील होप या गावाजवळ मोटार अपघातात मृत्यू झाला. त्या वेळी तो केवळ २७ वर्षांचा होता.

## कव्हरच्या लाटेचा अंत

क्रू-कट्सच्या यशानंतरही ही पद्धत फार काळ टिकली नाही. न्यू यॉर्कच्या विन्स या केंद्रावरील ॲलन फ्रीडसारखे निवेदक मूळ ध्वनिमुद्रणेच वाजवीत आणि तरुण गौरवर्णीय श्रोते तीच मागू लागले. १९५५ साली फॅट्स डॉमिनोचे 'एन्ट दॅट अ शेम' पॉप यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले, तर पॅट बूनचे कव्हर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढच्याच वर्षी 'लाँग टॉल सॅली'च्या बाबतीत मात्र लिटल रिचर्डची मूळ तबकडी बूनच्या कव्हरच्या वर राहिली.

या बदलात पेंग्विन्सच्या तबकडीचा वाटा मोलाचा मानला जातो. मोठ्या कंपनीचे कव्हर बाजारात असतानाही मूळ आवृत्ती पॉप यादीत पहिल्या दहांत पोहोचू शकते, हे तिने दाखवून दिले. गीताबरोबरच ते गाणारा आवाज हीदेखील विकली जाणारी गोष्ट आहे, ही जाणीव या काळात दृढ झाली.

## नंतरच्या आवृत्त्या

* १९६० साली जॉनी टिलटसन आणि १९६९ साली द व्होग्ज यांनी हे गीत पुन्हा गायले.
* एल्व्हिस प्रेस्लीने जर्मनीतील सैनिकी सेवेच्या काळात हे गीत घरगुती पातळीवर ध्वनिमुद्रित केले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.
* न्यू एडिशन या वृंदाने १९८६ साली 'द कराटे किड पार्ट टू' या चित्रपटासाठी हे गीत गायले. ही आवृत्ती बिलबोर्ड हॉट १०० यादीत २१व्या क्रमांकापर्यंत पोहोचली.

## वारसा

पेंग्विन्सची मूळ सदस्यमंडळी लवकरच विखुरली. ब्रूस टेट प्रथम बाहेर पडला आणि त्याच्या जागी रँडी जोन्स आला. क्लीव्हलँड डंकनने मात्र बदलत्या सहकाऱ्यांसह वृंदाचे नाव चालू ठेवले. १९६३ साली फ्रँक झापा व रे कॉलिन्स यांनी पेंग्विन्ससाठी 'मेमरीज ऑफ एल मॉन्टे' हे गीत रचले. लॉस एंजेलिसजवळील एल मॉन्टे येथे होणाऱ्या नृत्यसभांची आठवण त्यात आहे. अवघ्या नऊ वर्षांत अर्थ एंजलचा काळ स्मरणरंजनाचा विषय झाला होता, याचे हे गीत निदर्शक आहे. डंकनचे ७ नोव्हेंबर २०१२ रोजी निधन झाले.

१९८५ सालच्या 'बॅक टू द फ्यूचर' या चित्रपटामुळे हे गीत नव्या पिढीला परिचित झाले. १९५५ साली घडणाऱ्या शाळेच्या नृत्यसमारंभात, नायकाच्या भावी आईवडिलांची मने जुळतात त्या प्रसंगी, हे गीत वाजते. चित्रपटात ते एका कृष्णवर्णीय वाद्यवृंदाने गायलेले दाखवले असून त्यातील मुख्य गायकाची भूमिका हॅरी वॉटर्स ज्युनियर याने केली आहे.

दोन्ही आवृत्त्यांचे पुढील आयुष्य त्यांच्या १९५५ मधील क्रमांकांशी जुळणारे नाही. त्या वर्षी पॉप यादीत वरचढ ठरलेली क्रू-कट्सची आवृत्ती आज प्रामुख्याने कव्हरच्या इतिहासातील उदाहरण म्हणून उल्लेखिली जाते. जुन्या गीतांच्या रेडिओ केंद्रांवर, संकलनांत आणि राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत स्थान मिळाले ते गॅरेजमध्ये मुद्रित झालेल्या कच्च्या प्रतीला.